पाकिटाचा कोपरा

आंबील आंबायला ठेवली की दुसऱ्या दिवशी घरभर एक वास सुटतो. तो नुसत्या ताकाचाही नसतो आणि नुसत्या पिठाचाही नसतो, दोन्हींच्या मधला कुठला तरी असतो. घरातली सगळी त्या वासानं खुशीत येतात. सुना भराभरा शेंगा सोलायला बसतात, नातवंडं उद्या शेतात काय काय करायचं त्याचे बेत करतात. मी मात्र खुर्ची उचलून बाहेर अंगणात जातो. म्हाताऱ्याला गारठा बाधेल म्हणून सगळे मागून ओरडतात. वास नको म्हणून बाहेर बसलोय, असं मी कधी सांगितलेलं नाही. आमच्या मुलखात येळवशीच्या आदल्या दिवशी आंबिलीचा वास नको म्हणणाऱ्या माणसाला लोक वेड्यातच काढतील.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं येळवस म्हणतात. पंचांगात तिचं नाव लांबलचक आहे, ते पंचांगातच राहतं. त्या दिवशी तुळजापुरापासून जळकोटापर्यंत घरांना कड्या लागतात, बाजारात चिटपाखरू दिसत नाही आणि सगळी माणसं शेतात जेवायला जातात. ज्वारी छातीला लागलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, करायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे आणि त्यांना पांडव म्हणायचं. नैवेद्याला भज्जी. ती तळलेली भजी नव्हेत. रानात जे जे हिरवं मिळेल, शेंगा, घाटे, वाल, पाला, ते सगळं एका भांड्यात शिजवलं की आमची भज्जी होते. सोबत बाजरीचे उंडे आणि मडकंभर आंबील. मग रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही हाक मारून जेवायला बसवायचं. त्याला नको म्हणायची सोय नाही.

जळकोटाला सडकेच्या कडेला आमचं थोडं रान आहे, पण आम्ही राहायचो तुळजापुरात. अप्पा तहसिलीत कारकून होते. निजामाच्या अमलात उर्दूत दफ्तर लिहिलं, विलीनीकरण झाल्यावर तेच दफ्तर मराठीत लिहायला लागले, आणि दोन्ही अमलांना सारखीच नावं ठेवली. मीही पहिली अक्षरं गिरवली ती उर्दूत. इंग्रजी घेऊन हैद्राबादेत बी.ए. झालो, तुळजापूरच्या शाळेत मास्तर झालो. साठ सालानंतर कधीतरी वर्तमानपत्रात जाहिरात आली, इथिओपियाला इंग्रजी शिकवायला मास्तर पाहिजेत म्हणून. मी अर्ज टाकला. अप्पा त्या देशाला अखेरपर्यंत हबसाण म्हणत राहिले. ‘‘हबसाणात जाऊन इंग्रजी शिकवणार, आणि घरचा हिसाब इथं कोण बघणार?’’ एवढंच बोलले, आणि माझ्यासाठी नवी वळकटी घेऊन आले.

मी गेलो ते गाव हरारच्या पलीकडं, डोंगराच्या उतारावर होतं. पहिल्याच दिवशी मी हबकलो. गावाभोवती ज्वारी होती. आपल्यापेक्षा उंच, एकावर एक दोन पुरुष उभे राहतील एवढी, कणसं तांबूस, पण ज्वारीच. आणि तिथल्या घराघरांत पीठ आंबवून त्याचे चादरीएवढी धिरडी घालायची रीत. सकाळी शाळेला जाताना प्रत्येक दारातून आंबिलीचा वास यायचा. आपल्याकडं वर्षातून एकदा येणारा वास तिथं रोजचा. सुरुवातीला मला त्यानं बरं वाटायचं, घरी असल्यासारखं.

त्या देशाच्या सगळ्याच गोष्टी चार बोटं इकडंतिकडं होत्या. त्यांचं साल आपल्या सालाच्या सात-आठ वर्षं मागं चालायचं. म्हणजे मी जहाजातून उतरलो तेव्हा तिथं अजून, आमच्याकडं उर्दू शाळेची पाटी पुसून मराठी पाटी लागत होती, त्या सुमाराचं साल होतं. घड्याळ सकाळी सहापासून मोजायचे, त्यामुळं आठाची शाळा दोनला भरायची. बुधवारी आणि शुक्रवारी ख्रिस्ती मंडळींचा उपास असायचा, मग खानावळीत हरभऱ्याच्या डाळीचं पिठलं मिळायचं. ते दोन दिवस मला सगळं गाव माळकरी वाटायचं. माझ्याबरोबर त्रावणकोरकडचे कुरियन म्हणून गणिताचे मास्तर राहायचे. आम्ही एका घरात दोन खोल्या घेतल्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, मला मल्याळी येत नव्हतं, म्हणून आम्ही घरातसुद्धा वर्गात बोलतो तसं इंग्रजी बोलायचो. दिवसभर परक्या भाषेत बोललं की संध्याकाळी जबडा दुखतो, हे कुणाला सांगून पटत नाही.

घरी मागं आई, अप्पा आणि शालन. शालन माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. मधली दोन भावंडं गेली, म्हणून आमच्यात एवढं अंतर. तिला मीच इंग्रजी शिकवलं. संध्याकाळी अंगणात बसून ती मोठ्यानं वाचायची, आणि अप्पा आतून ‘‘जरा हळू, लोकांना वाटंल साहेब आलाय घरात,’’ म्हणायचे. मॅट्रिक झाली तेव्हा आमच्या गल्लीत तेवढी शिकलेली दुसरी मुलगी नव्हती. तिला मास्तरीण व्हायचं होतं, त्यासाठी धाराशिवला ट्रेनिंगला जायचं होतं. मी जायच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, ‘‘दादा, तुमी गेल्यावर अप्पा मला पाठवतील का?’’ मी म्हणालो, ‘‘मी आल्यावर बघू. तोवर तुझ्या बाबतीत काही ठरवायचं झालं तर मला विचारल्याशिवाय ठरणार नाही. तसं मी अप्पांना सांगून ठेवतो.’’ सांगून ठेवलं होतं. अप्पा शब्दाला पक्के.

अप्पांना इंग्रजी पत्ता लिहिता येत नसे, आणि शालनचं अक्षर परदेशच्या पोस्टाला लागेल की नाही याची मला उगाच शंका. म्हणून जाताना मी दोन डझन पाकिटांवर स्वतःच्या हातानं पत्ता लिहून ठेवला. अप्पांनी पत्र लिहायचं, पाकीट चिकटवायचं, शालननं नेऊन पोस्टात टाकायचं. सोळा दिवसांनी ते मला मिळायचं. माझंच अक्षर माझ्याकडं यायचं. पहिल्यांदा गंमत वाटली, मग सवय झाली.

आता कोपऱ्याचं सांगतो. आमच्याकडं मयताची बातमी आणणारं कार्ड वाचून ओळखावं लागत नसे. पाठवणारा त्याचा एक कोपरा फाडायचा. असं कार्ड पोस्टमन हातात देताना तोंडाकडं बघत नसे. ते उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. कर्त्या पुरुषानं बाहेर उभं राहून वाचायचं, वाचून झालं की तिथंच फाडून टाकायचं, अंगावर पाणी घ्यायचं, आणि मगच आत जाऊन सांगायचं. घरात ठेवायचं तर नाहीच नाही. सुतक धरायचं तेही कानावर आल्यापासून. माणूस कधी का गेलेला असेना, आपल्या घरात तो जातो कार्ड वाचल्यावर. हे मला कुणी शिकवलं नाही. अप्पांना अंगणात उभं राहून करताना मी दोन-तीनदा पाहिलं होतं.

दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात, एका सोमवारी, कुरियन पोस्टातून टपाल घेऊन आले. त्यांची दोन पत्रं, माझं एक. माझ्या अक्षरातलं. त्याचा वरचा डावा कोपरा फाटलेला होता. सरळ फाडलेला, आणि फाटलेली कड भाताच्या शितांनी पुन्हा चिकटवलेली. आतलं पत्र वाटेत पडू नये म्हणून कुणी तरी काळजी घेतली असावी, असं मला वाटलं. मी पाकीट घेतलं. घरात नेलं नाही. बाहेरच्या पडवीत एक फळी होती, तिथं ठेवून त्यावर शब्दकोश ठेवला. मग आत जाऊन हात धुतले आणि जेवायला बसलो.

मला रडू आलं नाही. छातीत काही झालं नाही. आई की अप्पा, एवढाच प्रश्न होता, आणि तो एखाद्या पेपरातल्या प्रश्नासारखा समोर होता. अक्षर माझंच, त्यामुळं पाकिटावरून काही कळायला मार्ग नव्हता. अप्पा गेले असते तर पत्र चुलतभावानं लिहिलं असतं. आई गेली असती तर अप्पांनीच. पण हे कळायला पाकीट फोडायला हवं होतं. मी फोडलं नाही. माझ्या मनात त्या सबंध आठवड्यात आई आली, अप्पा आले. शालन आली नाही. एकोणीस वर्षांची मुलगी त्या प्रश्नात बसतच नव्हती.

मी स्वतःला कारण दिलं ते परीक्षेचं. दुसऱ्या दिवसापासून चाचण्या होत्या, इंग्रजीचे सगळे वर्ग माझ्याकडं. सुतक लागलं तर पेपर कोण घेणार? हे किती खोटं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. हरारच्या पलीकडच्या डोंगरात माझं सुतक कोण बघायला येणार होतं? खरं एवढंच होतं, की जोवर फळीवर शब्दकोश आहे तोवर तुळजापुरात आई चूल पेटवते आहे आणि अप्पा तिला चहात साखर कमी पडली म्हणून सांगताहेत. मला भीती वाटत होती. पण भीतीसुद्धा लांबून, दुसऱ्या कुणाची असावी तशी.

तो आठवडा मी नीट पार पाडला, हेच मला आजही खुपतं. दाढी रोज केली. मंगळवारी पेपर वाटले. मुलं-मुली मी वर्गात शिरताना उभी राहायची, बसा म्हटल्यावर एकदम बसायची, तो बाकांचा आवाज मला अजून ऐकू येतो. बुधवारी खानावळीत पिठलं खाल्लं. शाळेमागच्या खळ्यावर ज्वारीची मळणी चालली होती, बैल गोल फिरत होते, भुसा उडून वर्गाच्या खिडकीतून आत येत होता. मी खिडकी लावून घेतली. कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचो. कुरियन एकदा म्हणाले, ‘‘तुमचं पत्र अजून तसंच आहे.’’ मी त्यांना कोपऱ्याची रीत सांगितली. त्यांनी एकदा फळीकडं पाहिलं. मग म्हणाले, ‘‘मी फोडू का? मी बघतो आणि तुम्हाला हळूच सांगतो.’’ मी म्हणालो, ‘‘तुम्हाला वाचता येणार नाही, मराठी आहे.’’ त्या सबंध मुलखात मराठी वाचणारा मी एकटा होतो. कुरियन ओशाळले. त्या दिवसापासून ते फळीजवळून जाताना आवाज न करता जायचे.

पेपरात एक प्रश्न होता, वडिलांना पत्र लिहा. तो मी पंधरा दिवस आधीच काढून ठेवला होता. जगातला कुठलाही इंग्रजीचा मास्तर हा प्रश्न काढतो. पेपर सुरू असताना अल्माझ नावाची एक मुलगी उभी राहिली. शांत मुलगी, कधी तोंड उघडायची नाही. म्हणाली, ‘‘सर, मला वडील नाहीत. मी कोणाला लिहू?’’ मी म्हणालो, ‘‘असल्यासारखं लिही.’’ ती बसली आणि लिहायला लागली. मी पुढच्या बाकाकडं गेलो.

शनिवार-रविवार मी पेपर तपासत बसलो. पन्नासेक पत्रं, सगळी वडिलांना. मी खुशाल आहे, पाऊस चांगला झाला, लाल गाय व्याली, मला नवे बूट पाठवा. मी क्रियापदं दुरुस्त करत होतो. रविवारी दुपारी अल्माझचं पत्र हाती आलं. तिनं लिहिलं होतं, ‘‘बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मला कोणी सांगितलं नाही. आमच्याकडं अशी बातमी लगेच सांगत नाहीत. पावसाळा संपल्यावर सांगितली. तोपर्यंत मी रोज तुमच्या वाटणीची कॉफी गाळून ठेवत होते. मोठी माणसं बघत होती आणि मला थांबवत नव्हती. मला त्यांचा राग येतो. मला त्याच दिवशी कळायला पाहिजे होतं.’’ दोन ठिकाणी काळ चुकला होता. मी ते तसंच राहू दिलं आणि पेपर बाजूला ठेवला.

सोमवारी सकाळी मी पडवीबाहेर बादली भरून ठेवली, दोरीवर पंचा टाकला, शब्दकोश उचलला आणि उघड्यावर उभं राहून पाकीट फोडलं. अप्पांचं अक्षर. म्हणजे आई गेली, हे मी एका क्षणात धरून टाकलं. पुढं वाचलं. ‘‘चि. दिगंबर यास अनेक आशीर्वाद. इकडील सर्व खुशाल आहे. तुझ्या आईची प्रकृती ठीक, थंडीनं गुडघे तेवढे धरतात.’’

मी त्या बादलीशेजारीच बसलो. हसलो की रडलो ते आठवत नाही, पण कुरियन धावत बाहेर आले आणि मी त्यांना सांगितलं की कोणीही मेलेलं नाही, टपालात कोपरा फाटला असणार. त्यांनी चहा केला. चहा पीत पीत मी उरलेलं पत्र वाचलं. शालनला सोनारीचं स्थळ आलं होतं. माणसं कुलीन, मुलगा चांगला, घरचं रान बागायती. पौष लागायच्या आत उरकावं असं दोन्हीकडच्यांचं मत. तिथी धरली होती. ‘‘तुला विचारल्याशिवाय ठरवणार नाही असं म्हटलं होतं, म्हणून लिहितो. तुझं काही म्हणणं असेल तर तारेनं कळव. तार आली नाही तर तुझा रुकार समजून पुढं होतो.’’ तिथी मोजली. गुरुवार येत होता. आजपासून तीन दिवस. मला, खरं सांगतो, वाईट वाटलं नाही. कोणी मेलं नव्हतं, एवढ्यावरच मी खूश होतो. बरं स्थळ आहे, असंही मनात आलं.

कुरियन तिकिटं जमवायचे. अर्ध्या तासानं त्यांनी पाकीट मागितलं, तिकीट सोडवायला. मी ते दिवसाच्या उजेडात धरलं तेव्हा आत, फाटक्या कोपऱ्याजवळ, काही तरी चिकटलेलं दिसलं. वहीच्या कागदाची पट्टी, घडी करून सारलेली, शितांनी धरून राहिलेली. शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं. ‘‘दादा, मला एवढ्यात लग्न नको. मला दोन वर्षं द्या, ट्रेनिंग करते. अप्पा माझं ऐकत न्हाईत. तुमी नको म्हणालात तर थांबतील. पत्रानं उशीर होईल, तार करा. शालन.’’ अप्पांनी पाकीट चिकटवायच्या आधी तिनं ती आत टाकली असावी, असं मी तेव्हा धरलं.

शाळेच्या त्या गावातून तार जात नसे. हरारला जायला एकच मोटार, ती सकाळीच गेली होती. मंगळवारी मी पोचलो. इंग्रजीचा मास्तर मी, पण फॉर्मवर शब्द मांडताना हात चालेना. शालनचं लग्न थांबवा, पत्र येत आहे. असं इंग्रजीत लिहून दिलं. तारबाबूनं वाचलं, माझ्याकडं पाहिलं आणि शिक्का मारला. दोन दिवसांत पोचेल म्हणाला.

त्या वर्षी येळवस कधी आली आणि गेली ते मला कळलं नाही. पौष लागल्यावर अप्पांचं पत्र आलं. कार्य यथासांग पार पडलं, तुझी उणीव भासली, तुझ्या तारेनं सर्वांस समाधान वाटलं. शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं. अर्थ लागला नाही. घरी विचारावं असं मनात आलं, पण पत्र अप्पाच वाचणार, आणि शालन आता सोनारीला.

पुढच्या वर्षी करार संपवून परत आलो, तेव्हा अप्पांनी आपणहून ट्रंक उघडली. कुंडल्या, लग्नपत्रिका, आणि त्यांच्यावर हळदीकुंकू लागलेला एक कागद. माझी तार. ‘‘ऐन अक्षतांना आली बघ,’’ अप्पा म्हणाले. ‘‘मांडवात इंग्रजी वाचणारं कुणी न्हवतं. मास्तर परगावी गेलेले. मग म्हटलं, शालन हाय की, तिलाच द्या. तिनं बाशिंग बांधल्याबांधल्याच वाचली. म्हणाली, दादांचे आशीर्वाद आलेत. तुझ्या आईला रडू आवरंना.’’ त्यांनी कागद माझ्या हातात दिला. मी इंग्रजीत लिहिलेले शब्द तसेच होते, एकही हललेला नव्हता. ‘‘जपून ठेवलीय,’’ अप्पा म्हणाले. मी म्हणालो, ‘‘बरं केलं.’’ आणि ट्रंकेत परत ठेवली.

अप्पा गेले, आई गेली. दोघांच्या वेळी मी घरातच होतो, कार्डं मीच लिहिली आणि कोपरे मीच फाडले. शालनचा संसार सोनारीला झाला. नवरा भला माणूस होता, तिनं मला तक्रार करायला जागा ठेवली नाही. चार मुलं झाली. ट्रेनिंगचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. भैरोबाच्या यात्रेला मी जायचो, ती वाढायची, ‘‘दादा, अजून घ्या,’’ म्हणायची. तिथल्या आळीत कुणाचं औषध आलं की पुडीवरचं इंग्रजी वाचायला अजून तिच्याकडंच आणतात, एवढं मी पाहिलंय. मी तुळजापुरात आणखी वीस-पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवलं. वडिलांना पत्र लिहा हा प्रश्न मात्र पुन्हा काढला नाही. हेडमास्तरांनी एकदा विचारलंही. विसरलो म्हणालो.

यंदा तिच्या मुलानं तिला येळवशीला जळकोटाला आणून सोडलं. नवरा गेल्यापासून ती फारशी कुठं जात नाही. सकाळी कोपीत पांडव मांडून झाले, पोरं ज्वारीत आंबील शिंपत ओरडत फिरत होती. आम्ही दोघं बाभळीखाली बसलो. माझी ऐंशी उलटली, तिची सत्तरी. यंदा मी तिच्या चिठ्ठीची ती पट्टी खिशात घालून आलो होतो. का, ते मलाही नीट माहीत नव्हतं.

‘‘शालन, तुझी चिठ्ठी मला मिळाली होती,’’ मी म्हणालो.

‘‘ठाव हाय की. तार आली न्हवं का.’’ ती शेंगा सोलत होती. ‘‘म्या बोटावर मोजलं होतं, दादा. सोळा दिवस पत्राला, दोन-तीन दिवस तारेला. लग्नाच्या आदी आठ दिवस तार यायला पायजे होती. मी रोज दारात. आई म्हणायची, सासरची वाट एवढी बघतीस व्हय.’’

मी सांगितलं. पाकीट वेळेवर आलं होतं, पण मी सात दिवस फोडलं नाही. कोपरा फाटलेला होता. मला वाटलं आई गेली, नाहीतर अप्पा गेले. सांगताना माझा आवाज वर्गात धडा सांगावा तसा निघत होता, आणि मला त्याची लाज वाटत होती.

शालनचे हात थांबले. ‘‘कोपरा?’’ ती म्हणाली. ‘‘तो टपालात न्हाई फाटला. म्या फाडला.’’

‘‘तू?’’ मी म्हणालो.

‘‘अप्पांनी पाकीट चिकटवून हातात दिलं. चिठ्ठी आत घालू कशी? पोस्टाच्या पायरीवर बसले, कोपरा फाडला, चिठ्ठी सारली. घरनं भाताची शितं पदरात बांधून नेली होती, त्यानं चिकटवलं.’’

‘‘अगं, पण कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे...’’

‘‘आता ठाव हाय. सासरी गेल्यावर कळलं. तवा कसं ठाव असंल? मयताचं कार्ड पोरीबाळींच्या हातात कुणी दिलं होतं व्हय? तुमी बापलेक अंगणात वाचायचे, तिथंच फाडायचे. आमाला आत येऊन नुसतं सांगायचे.’’

पोरांचा ओरडा ज्वारीतून लांब गेला. तिनं एक शेंग सोलली, दाणे टोपल्यात टाकले.

‘‘मला वाटलं, आठ दिस तुमचं ठरंना गेलंय,’’ ती म्हणाली. ‘‘दादा विचार करतायत, हिला शिकवावं का खपवावं. तेच धरून बसले हो मी, इतकी वर्षं.’’

‘‘मग तार तशी का वाचलीस?’’

‘‘समद्यांच्या मुठीत अक्षता होत्या. काय वाचू?’’

मी खिशातून पट्टी काढून तिच्या हातात दिली. पेन्सिल फिकी झाली होती, कडेला एक शीत वाळून खड्यासारखं चिकटलेलं होतं. तिनं ती डोळ्यांपासून लांब धरून सावकाश वाचली, ओठ हलवत. दुसऱ्यांदा वाचली.

‘‘असलं पत्र वाचून झालं की ठेवत न्हाईत, दादा,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी तर घरात ठेवलं.’’

तिनं पट्टीचे दोन तुकडे केले, मग चार, मग शेंगांच्या टरफलांत टाकले. मडक्याजवळ जाऊन तांब्यातलं पाणी हातांवर घेतलं, माझ्याही हातांवर घातलं, आणि पोरांना जेवायला हाक मारली.